सोमवारचा ख्रिस्ती

"दादा, खाली वॉचमनच्या केबिनजवळ जो कागद लावलाय, त्याच्यावर सही तुमचीच आहे ना?"

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी हे विचारलं तेव्हा मी चहा पीत होतो. मावशी दारातच बसल्या होत्या, गुडघा धरून. अकरा मजले चढून आल्या होत्या. सर्व्हिस लिफ्ट चार दिवस बंद, आणि बाकीच्या दोन लिफ्टमध्ये वॉचमन त्यांना जाऊ देईना. त्याचंही काही चुकलं नाही. त्याच्या डोक्यावर कागद लावलेला: घरकामगार, ड्रायव्हर, डिलिव्हरीवाले आणि कचरा नेणारे यांनी फक्त सर्व्हिस लिफ्ट वापरावी. खाली तीन सह्या. तिसरी माझी.

मावशी सातवी शिकलेल्या आहेत, जालन्याकडच्या मिशनच्या शाळेत. वाचता येतं त्यांना. हे मला आधीपासून माहीत होतं, पण सही करताना आठवलं नाही.

पुढचं सांगण्याआधी थोडं माझ्याविषयी, कारण या पेजवर नवीन मंडळी बरीच आहेत. मी मूळचा श्रीरामपूर तालुक्यातला, हरेगावकडचा. सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते ते हरेगाव. पत्रकारितेचा डिप्लोमा केला, जिल्ह्याच्या पेपरात तालुका वार्ताहर म्हणून वर्षं काढली आणि पोटापाण्यासाठी इकडे बोरिवली-दहिसर पट्ट्यात आलो. आडनावावरून लोक ओळखतात आणि मग तो ठरलेला प्रश्न येतोच: "तुम्ही ख्रिश्चन? मग मराठी एवढं चांगलं कसं?" पूर्वी चिडायचो. आता म्हणतो, आमच्या आजीला दुसरी भाषाच येत नव्हती हो.

तर सोसायटी. नाव देणार नाही, कमेंटमध्ये विचारूही नका. जुनी चार मजली बिल्डिंग होती, रिडेव्हलपमेंट झालं, अठरा मजली टॉवर झाला. राहणारे निम्म्याहून जास्त ख्रिस्ती. ईस्ट इंडियन आहेत, गोवन आहेत, मंगलोरी आहेत, थोडे आम्ही नगर-जालन्याकडचे. कमिटीत पाचपैकी चार जण दर रविवारी मिस्साला जाणारे, एक तर चर्चच्या गायकवृंदातले. मी जॉइंट सेक्रेटरी. नवीन टॉवरचं नवीन नियमपत्रक आलं: पार्किंग, पाळीव प्राणी, गच्ची, ओला कचरा-सुका कचरा, त्यात हे लिफ्टचं. मी वाचलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही. वाचलं होतं. मनात आलं, सगळ्याच टॉवरमध्ये असतं, आपण काय वेगळं करतोय. आणि सही केली.

आता खरी लाज वाटावी अशी गोष्ट सांगतो. मावशींनी अकरा मजले चढले तो सोमवार होता, ईस्टरनंतरचा. त्याच्या आधीच्या गुरुवारी, पवित्र गुरुवारी, आम्ही सगळे चर्चमध्ये होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: त्या संध्याकाळी फादर बारा जणांचे पाय धुतात. येशूनं शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले होते, त्याची आठवण. पाय धुणं हे त्या काळी घरातल्या गड्याचं काम. गुरूनं ते स्वतः केलं, शिष्य ओशाळले, एकानं तर नकोच म्हटलं. पूर्वी या विधीत फक्त पुरुष घ्यायचे. २०१६ च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलून बायकांनाही त्यात घेण्याची मुभा दिली. आमच्या चर्चमध्येही बाया होत्या यंदा. घमेलं, तांब्या, पांढरा टॉवेल. फादरांचं वय झालंय, गुडघे टेकताना एका मुलानं त्यांना आधार दिला. माझ्या शेजारच्या अंकलनी डोळे पुसले. हेच अंकल आमचे चेअरमन. दुसरी सही त्यांची.

त्यांच्या डोळ्यातलं पाणी खोटं नव्हतं, हे मी लिहून देतो. म्हणूनच तर प्रश्न अवघड आहे. ढोंगी माणसाबद्दल लिहायला सोपं असतं.

बायबलात याकोबाचं एक पत्र आहे, पाच अध्यायांचं, छोटंसं. त्याच्या दुसऱ्या अध्यायात तो म्हणतो ते थोडक्यात असं: तुमच्या सभेत सोन्याची अंगठी घातलेला माणूस आला की त्याला तुम्ही चांगली जागा देता आणि मळक्या कपड्यातल्या गरिबाला तिकडे उभा राहा म्हणता, तर मग तुम्ही आपापसात भेदभाव केलात की नाही? जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचा मजकूर. यात लिफ्ट तेवढी घालायची बाकी आहे.

आता थोडं मागे जाऊ, कारण हे फक्त आमच्या बिल्डिंगचं रडगाणं नाही.

उपनगरात फिरताना तुम्हाला गावठाणाच्या तोंडाशी, गल्लीच्या वळणावर दगडी क्रूस दिसतात. अंधेरी, मरोळ, कुर्ला, वांद्रे, गोराई, सगळीकडे. यातले कितीतरी १८९६ च्या प्लेगनंतरचे आहेत. साथ मुंबईत पसरली, माणसं पटापट मरू लागली, तेव्हा गावकऱ्यांनी वेशीवर क्रूस उभारले, साथ आत येऊ नये म्हणून. मे महिन्यात अजूनही या क्रूसांपाशी संध्याकाळी शेजारीपाजारी जमतात, जपमाळ होते, लदीन गातात, मग उकडलेले चणे वाटतात. हार घालणाऱ्यांत हिंदू बायकाही असतात. कोणी कोणाला विचारत नाही.

हे क्रूस उभारणारे ईस्ट इंडियन म्हणजे इथले मूळचे शेतकरी, आगरी-कोळ्यांच्या बरोबरीनं राहिलेले, घरात मराठी बोलणारे. नाव मात्र इंग्रजी. १८८७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन झाली आणि ते नाव पक्कं झालं. ईस्ट इंडिया कंपनीची जुनी प्रजा आम्ही, गोव्याहून नोकरीला आलेल्यांपेक्षा वेगळे, हे सांगायचं होतं. थोडक्यात, नोकऱ्यांचा प्रश्न होता. तेव्हाही होता! ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी त्यांचा आगेरा असतो, नव्या भाताची कणसं वाजतगाजत चर्चमध्ये आणून आशीर्वाद घ्यायचा सण. कणसं आता बऱ्याच ठिकाणी बाहेरून आणावी लागतात. शेतं विमानतळाखाली, एमआयडीसीखाली, टॉवरखाली गेली.

सीप्झचं उदाहरण बघा. अंधेरीच्या त्या झोनमध्ये, हिऱ्यांच्या आणि सॉफ्टवेअरच्या कंपन्यांमध्ये, एका जुन्या चर्चचे अवशेष उभे आहेत. पोर्तुगीज जेझुइटांनी १५७९ मध्ये बांधलेलं सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च. १८४० च्या सुमारास साथ आली, गाव उठलं, लोक मरोळला गेले आणि चर्चही तिकडे नवं उभं राहिलं. १९७३ मध्ये सीप्झ झालं आणि जुनी वास्तू गेटच्या आत गेली. आता वर्षातून एकदा, मे महिन्यात, तिथे मिस्सा होते. छप्पर नसलेल्या भिंतींमध्ये लोक छत्र्या घेऊन उभे राहतात. एरवी सिक्युरिटी.

म्हणजे वास्तू कुलूपबंद झाली तरी श्रद्धा बंद झाली नाही, ती माणसांबरोबर चालत गेली. हे आम्हाला पुरतं माहीत आहे. तरी आमची सगळी ताकद दगडावर खर्च होते.

चुकीचं समजू नका. एप्रिल २०१७ च्या अखेरीस वांद्र्यात बाजार रोडवरचा जुना क्रूस पालिकेनं पाडला तेव्हा मलाही राग आला होता. सार्वजनिक जागेवरच्या अनधिकृत धार्मिक बांधकामांबाबत सुप्रीम कोर्टाचा २००९ चा आदेश होता, त्याची यादी करून पालिका निघाली होती. लोकांचं म्हणणं होतं की जागा खासगी आहे आणि क्रूस शंभराहून जास्त वर्षांचा. लोक रस्त्यावर उतरले, मेणबत्त्या लावल्या, निषेध केला. बरोबर केलं. जुनी वास्तू, त्यामागचा इतिहास, लोकांची भावना, या सगळ्याला पालिकेच्या जेसीबीसमोर किंमत शून्य असते, हे आपण सगळ्याच धर्मांच्या बाबतीत पाहिलंय.

पण मला एक सांगा. क्रूस पाडला तर आम्ही हजारोंनी जमतो. क्रूसासमोर गुडघे टेकणाऱ्या बाईला जिन्यानं चढवलं तर किती जमतो? मी मोजलंय. सांगतो शेवटी.

चर्चमधलीच गोष्ट घ्या. उपनगरातल्या बहुतेक मोठ्या चर्चमध्ये रविवारी मिस्सा ओळीनं असतात, जास्तीत जास्त इंग्रजीत. त्यात एक मराठी. वेळ बहुधा अशी की ज्यांची कामं लवकर सुरू होतात किंवा उशिरा संपतात त्यांना जमावी, किंवा मग दुसऱ्या कोणाला नको असलेली. मराठी मिस्साला कोण असतं? घरकामाला जाणाऱ्या बाया, वॉर्डबॉय, सिक्युरिटीतले, रिक्षावाले, जालना-संगमनेर-श्रीरामपूरहून आलेली कुटुंबं. इंग्रजी मिस्साला त्यांचे मालक. देव एक, वेदी एक, फादरही तेच. भाषेमुळे वेगळं असतं असं आपण म्हणतो, आणि ते अर्धं खरं आहेच. माझी मुलं इंग्रजी मिस्साला जातात, मी मराठी. घरातच दोन पॅरिश झाल्यात.

यात जात नाही असं कोणी म्हणू नये. नगर-जालन्याकडचे बहुतेक ख्रिस्ती कुठल्या वस्तीतून आले हे सगळ्यांना माहीत आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातीच्या सवलती फक्त हिंदूंना होत्या. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतलं. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर. चर्चच्या संघटना सरकारला वर्षानुवर्षं सांगताहेत की धर्म बदलला तरी जात सुटत नाही, आमच्या दलित बांधवांना आरक्षण द्या. मागणी रास्त आहे. पण मग ती जात सुटत नाही ती कुठे, हेही सांगावं लागतं. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं डिसेंबर २०१६ मध्ये दलितांविषयीचं धोरण जाहीर केलं, त्यात चर्चच्या आत भेदभाव आहे हे मान्य केलं. चांगलं केलं. ते धोरण आमच्या नोटीस बोर्डावर लागल्याचं मात्र मी पाहिलं नाही. तिथे सध्या गोव्याच्या सहलीचं पोस्टर आहे.

आमच्या लक्ष्मीबाई टिळकांची आठवण येते अशा वेळी. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचलंय त्यांना माहीत आहे. सोवळं पाळणारी ही बाई, नवरा १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला म्हणून उद्ध्वस्त झालेली. तिनं स्वतः बाप्तिस्मा घेतला तो नंतर. पण जातिभेद देवानं केलेला नाही, माणसांनी केलाय, हे तिला पटलं ते बाप्तिस्म्याच्या आधी, आणि पटल्याबरोबर तिनं कोणाच्याही हातचं पाणी प्यायला सुरुवात केली. आधी पाणी, मग धर्म. आमचं उलटं झालं. धर्म तीन पिढ्यांपूर्वी घेतला, पाण्याचं अजून चाललंय.

इथे काही मित्र म्हणतील, बघा, हेच स्वतः कबूल करतायत, मग धर्मांतर कशाला करता? त्यांनाही उत्तर देतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती होते १० लाख ८० हजार. राज्याच्या लोकसंख्येच्या एक टक्क्याहून कमी. एवढ्या शाळा, एवढी हॉस्पिटलं, दीडदोनशे वर्षं, आणि एक टक्कासुद्धा नाही. धर्मांतराचा कारखाना असता तर इतका तोट्यात कोणी चालवला नसता. २०२५ मध्ये सरकारनं सक्तीच्या धर्मांतराविरुद्ध कायदा करायचा म्हणून पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली. सक्ती, फसवणूक कोणी करत असेल तर पकडा, गुन्हा नोंदवा, आमचं काही म्हणणं नाही. पण घरी चार लोक प्रार्थनेला जमले म्हणून दारावर मोर्चा आला तर त्या घरातली म्हातारी काय करणार, हेही त्या समितीला कोणीतरी विचारायला हवं. राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमात धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क आहे. तिन्ही शब्द घटनेत आहेत. मधला शब्द आचरणाचा आहे, आणि माझं आजचं भांडण त्या मधल्या शब्दावरून आहे, आमच्याच लोकांशी.

कारण आचरण करणारे झालेत ना. दूरचे नाहीत, इथलेच.

वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो घ्या. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक, ‘सुबोध बायबल’चे कर्ते, २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. जुलै २०२४ मध्ये गेले. त्यांच्या साहित्यावर बोलणारे खूप आहेत. मला ते आठवतात ते हरित वसई संरक्षण समितीमुळे. वसईची शेती, झाडं, विहिरींचं पाणी वाचवण्यासाठी त्यांनी बिल्डर आणि गुंडांच्या विरोधात माणसं रस्त्यावर आणली. धमक्या आल्या. बरोबर सगळ्या धर्मांचे लोक होते. त्यांच्या भागातला पाण्याचा प्रश्न आणि वेदीवरचा प्रभू यांच्यात त्यांना भिंत दिसत नव्हती, एवढंच.

वांद्र्याला माउंट मेरीजवळ शांती अवेदना सदन आहे. १९८६ मध्ये टाटा हॉस्पिटलच्या कॅन्सर सर्जननी, डॉ. लुईस डिसोझा यांनी सुरू केलेलं. देशातलं पहिलं हॉस्पिस. ज्यांच्यावर आता उपचार नाहीत अशा कॅन्सर पेशंटना शेवटचे दिवस वेदनेशिवाय काढता यावेत म्हणून. पैसे घेत नाहीत, धर्म विचारत नाहीत. सप्टेंबरात माउंट मेरीच्या जत्रेला लाखोंनी लोक जातात, मेणाचे हात, पाय, घरं वाहतात. त्यातले किती जण पलीकडच्या त्या गेटकडे बघतात कोण जाणे. मीही पहिली काही वर्षं बघितलं नव्हतं.

आणि आपली अंधेरी. अ‍ॅना हुबर्टा नावाच्या जर्मन सिस्टरनं १९४२ मध्ये इथल्या तरुण मुलींना घेऊन एक संस्था काढली, हेल्पर्स ऑफ मेरी. अनाथ मुलं, टाकून दिलेल्या बाया, कुष्ठरोगी, ज्यांना कोणी हात लावत नव्हतं त्यांचं करायचं. त्यांचं काम ऐकून जर्मनीत बॉन शहरात १९६७ मध्ये मदत करणारी एक संस्था उभी राहिली. तिचं नाव काय? अंधेरी-हिल्फं. म्हणजे ‘अंधेरी मदत’. आपल्याला अंधेरी म्हटलं की ट्रॅफिक आठवतं, तिकडे बॉनमध्ये ते एका सेवेचं नाव आहे.

ही मोठी माणसं झाली. तुम्ही म्हणाल आमच्याकडून एवढं होणार नाही. माझ्याकडूनही नाही. मी सकाळी दोन बातम्या टाकतो, दुपारी वॉर्ड ऑफिसात चकरा मारतो, संध्याकाळी मुलांचा अभ्यास. माझ्या वाट्याला वसई वाचवणं आलं नाही. माझ्या वाट्याला एक कागद आला, त्यावर सही करायची की नाही एवढंच होतं. तीस सेकंदांचं काम.

मावशींना मी काय उत्तर दिलं ते सांगायचं राहिलं. म्हटलं, "हो, माझीच आहे." त्या म्हणाल्या, "मला वाटलंच. तुमचं अक्षर येतं ओळखू, किराण्याच्या यादीवरून." एवढंच. मग उठून भांड्यांना लागल्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. बायकोनं त्या दिवशी माझ्याशी बोलणं टाकलं, तेही योग्यच.

संध्याकाळी चेअरमन अंकलकडे गेलो. माणूस प्रेमळ आहे, केक पुढे केला. म्हणाले, "अरे बाबा, सिक्युरिटीचा प्रश्न आहे. लिफ्टवर लोड येतो. आणि हे सगळं धर्माशी कशाला जोडतोस? सोसायटी सोसायटी आहे, चर्च चर्च आहे." मी म्हटलं, "अंकल, तुमच्या भावाला त्या दुसऱ्या टॉवरमध्ये फ्लॅट नाकारला, मच्छी खाता म्हणून, तेव्हा तुम्ही मला बातमी लावायला सांगितली होती." ते गप्प बसले. मग म्हणाले, "ते वेगळं." मी विचारलं वेगळं कसं. म्हणाले, "आपण पैसे देऊन घेत होतो." प्रामाणिक उत्तर होतं, मला आवडलं. सगळा भेद त्यात आला.

मग मी अर्ज तयार केला. सर्व्हिस लिफ्ट सामानासाठी आणि कचऱ्यासाठी. माणसानं कुठल्याही लिफ्टनं जावं. ७२ फ्लॅट आहेत. पंधरा दिवस दारोदार फिरलो. नऊ सह्या मिळाल्या. नऊमध्ये दोन गुजराती कुटुंबं, एक मुसलमान भाडेकरू (भाडेकरूची सही चालत नाही म्हणतात, तरी घेतली), एक रिटायर्ड बेस्ट कंडक्टर जे देव मानत नाहीत. ख्रिस्ती पाच. त्यातल्या एक आंटी, वय ८४, दारातच म्हणाल्या, "आमच्या गावठाणातल्या घरी भात लावायला बाया यायच्या, त्या आमच्याच पंगतीत जेवायच्या. कुठे सही करू?" चष्मा सापडेना, तर अंदाजानं केली, रकान्याच्या बाहेर गेली.

फादरांनाही भेटलो. प्रवचनात याचा उल्लेख करा म्हटलं. ते म्हणाले, विचार करतो, कोणाला टोचल्यासारखं वाटायला नको. मी म्हटलं, फादर, तुमचं वय झालंय तरी तुम्ही त्या दिवशी जमिनीवर बसून बारा जणांचे पाय धुतलेत, ते काय गुदगुल्या करायला? हसले. अजून प्रवचन झालेलं नाही.

सर्व्हिस लिफ्ट दुरुस्त झाली आहे. त्यामुळे बऱ्याच जणांचं म्हणणं आहे की विषय संपला. कागद अजून केबिनजवळ आहे. माझ्या सहीवर मी रेघ मारली, तर सेक्रेटरींनी नवी प्रिंट काढून लावली, तिच्यावर आता दोनच सह्या आहेत. मी जॉइंट सेक्रेटरी राहतो की नाही तेही मीटिंगमध्ये ठरेल.

सर्वसाधारण सभा येत्या रविवारी सकाळी अकराला, गच्चीवर. अजेंड्यावर पेंटिंगचा खर्च पहिला, लिफ्ट सातव्या क्रमांकावर. मराठी मिस्सा साडेआठची आहे. मावशी तिथे असतात, तिसऱ्या बाकावर. त्यांना विचारलंय सभेला याल का म्हणून, सभासद नसल्या तरी बोलायची परवानगी मागता येते. त्या म्हणाल्या, "बघते दादा, त्या दिवशी तेराव्या मजल्यावरचं पण काम असतं."